आतून कडी

"अक्का, आत जा. पाप्पा उठतेय," दिव्यश्री कुजबुजली. पाळण्यातलं बाळ चुळबुळत होतं.

जेवण अर्धं टाकून सुप्रभा मागच्या खोलीत शिरली आणि तिनं आतून कडी लावली.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं हे घर तिचंच. लग्न झालं नाही, एकटीच राहायची. गेल्या वर्षी भाऊ विश्वेश चेन्नईहून तान्ह्या विनुताला घेऊन आला. बाळंतपणानंतर त्याची बायको दिव्यश्री फार आजारी होती. "अक्का, थोडेच दिवस," तो म्हणाला होता. त्या थोड्या दिवसांत विनुता पालथी पडली, रांगली, आणि पहिल्यांदा बोलली ते "क्का". आता बरी होऊन दिव्यश्री विश्वेशबरोबर लेकीला न्यायला आली, तर ती आईच्या कडेवर ताठ होऊन किंचाळली.

"मज बघून भिते ती," दिव्यश्री रडली. "तू दिसेनाशी झालीस तरच माझ्याकडं येईल."

"बरं. मी आत बसते," सुप्रभाच म्हणाली होती.

आत एक खाट आणि भाताची पोती. खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत. विनुता झोपली की बाहेर यायचं, उठली की परत आत. खोकलासुद्धा पदरात.

"क्का?"

रांगण्याचा आवाज दाराशी थांबला. खालच्या फटीतून इवली बोटं आत आली. सुप्रभा खाली बसली. बोटांना नुसता हात लावला असता तर रडणं थांबलं असतं, आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"अक्का, बोलू नक्को हं," दाराबाहेरून दिव्यश्री रडवेल्या आवाजात म्हणाली.

"नाही बोलत," एवढंही सुप्रभाला म्हणता येणार नव्हतं; विनुतानं आवाज ओळखला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरून विनुताचं हसू आलं. इतकं खदखदून ती पोटावर फुंकर मारली तरच हसायची. दिव्यश्रीला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच शोधलं होतं. सुप्रभाला बरं वाटलं, आणि खोलीत हवाच नाही असंही वाटलं.

संध्याकाळच्या गाडीनं ते निघाले. विश्वेश दाराशी आला.

"अक्का, झोपलीय ती. बघतेस एकदा?"

"नक्को. जागी झाली तर?"

रिक्षाचा आवाज गल्लीबाहेर गेल्यावर तिनं कडी काढली. घरात कुणीच नव्हतं. ती बाहेर आली, आणि दार करकरू नये म्हणून दोन्ही हातांनी अलगद ओढून घेतलं.