निळ्या पिंपात ओतलेली बाटली

मी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी असलेलं निळं पिंप. हो, मीच बोलतंय.

पूर्वी माझ्यात साबणाचं पाणी असायचं. पुढे मी भंगारात गेलं. तिथून शिपाईकाकांनी मला आणलं, घासूनपुसून अंगाला भोकं पाडली आणि आठवीच्या मुलांच्या ताब्यात दिलं. फळांची सालं, बागेतला पाला आणि ओंजळभर गांडुळं, असा माझा संसार सुरू झाला. देखरेख एका मुलीकडे होती. सगळे तिला 'खतताई' म्हणत.

हरित शाळा निवडायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी नेमका मला वास सुटला. ओला कचरा जास्त झाला होता, इतकंच. सुका पाला घातला असता तर भागलं असतं. पण मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "उद्या वास आला तर हे पिंप इथं दिसता कामा नये."

खतताईचा धीर सुटला. शाळा सुटल्यावर तिनं फिनेलची अख्खी बाटली माझ्यात रिकामी केली. वास गेला. माझ्या पोटातली वळवळही थांबली.

सकाळी बाईंनी झाकण उघडलं तर गांडुळं निपचित. शेजारी काकांच्या खोलीतली बाटली.

"काका, हे तुमचंच काम ना?"

"नाही बाई."

"मग बाटली काय चालत आली? उद्यापासून कामावर येऊ नका."

काका मान खाली घालून उभे राहिले. फाटकाशी पाहुण्यांची गाडी थांबली. मला एवढं मोठं तोंड, पण शब्द फुटेना. मला टेकून उभी असलेली खतताई पुढे झाली.

"बाई, मी ओतलं. काकांना माहीतसुद्धा नव्हतं."

बाईंनी फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाहुण्यांनाही असंच सांगशील?"

तिनं सांगितलं, अडखळत, पण सगळं. निवड दुसऱ्या शाळेची झाली. बाईंनी सर्वांसमोर काकांची माफी मागितली. काका मात्र दोन दिवस खतताईशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी घमेलं घेऊन आले आणि म्हणाले, "चल, हे रिकामं करू."

आज मी धुऊन उन्हात पालथं पडलंय. फिनेलचा वास अजून पुरता गेलेला नाही. तुमच्या शाळेत माझं एखादं भावंड असेल, तर एवढंच करा. त्याला वास सुटला, की बाटली शोधू नका. आधी झाकण उघडून आत बघा.