शेवटची सोळा पानं

बाईजाकाकीने पिशवीतून कादंबरी काढली, पदराने पुसली आणि वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या मनस्वीच्या पुढ्यात ठेवली. बसा म्हटलं तरी ती बसली नाही.

"हे तुजंच ना गो?"

मनस्वीने कव्हर दुरूनच ओळखलं होतं. एस.टी. स्टँडवर पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेली एक मुलगी, पाठमोरी. पहिल्या पानाला टाचणीने लावलेली चिठ्ठीही तिच्याच अक्षरातली होती. ‘रेश्मे, ही वाचच. नाही आवडली तर माझं नाव बदल.’

"वाचनालयाचं हाय, काकी. मीच दिलेलं."

"तिच्या गादीखाली होतं. फोन पन तिथंच ठेवून गेली."

रेश्मा, बाईजाकाकीची थोरली, घरातून गेली त्याला आज नऊ दिवस झाले होते. बँकेत काम आहे म्हणून सकाळच्या गाडीने शहापूरला गेली आणि परत आली नाही. साखरपुडा झालेला, लग्न वैशाखात ठरलेलं. घरच्यांनी गावात सांगितलं की ती मुरबाडला मावशीकडे आहे. किन्हवलीने हो हो म्हणून मान डोलावली आणि पाठीमागे काय बोलायचं ते मनसोक्त बोलून घेतलं. रेश्माचा बाप विठू रोज सकाळी खिशात तिचा फोटो घालून कल्याण, ठाणे, वाट फुटेल तिथे फिरून येई. पोलिसांत मात्र कुणी गेलं नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं होतं.

"आमचा धाकटा आदेश बोलला, यात पन एक पोरगी लगीन सोडून जाते," बाईजाकाकी म्हणाली. "पन शेवटची पानं नायत. मग त्या पोरीचं झालं काय? तू तर सगलं वाचलंयस ना?"

मनस्वीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तिने काय काय वाचलंय, हे साऱ्या किन्हवलीला ठाऊक होतं, कारण ती कुणाला सोडतच नसे. एखादी कादंबरी आवडली की तिच्या पोटात राहायची नाही. रेशनच्या रांगेत, एस.टी.त, हळदीच्या मांडवात, जो सापडेल त्याच्या ती गळ्यात मारायची. कंडक्टर शेखरने तिच्या भुणभुणीला कंटाळून एक चारशे पानांची कादंबरी खरोखर वाचून काढली होती आणि तेव्हापासून तो तिला बघून दुसऱ्या दाराकडे सरकत असे. तिची एकच फुशारकी होती. आपण स्वतः शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कुणाला पुस्तक सुचवत नाही.

ही एकच कादंबरी तिने शेवट न वाचता सुचवली होती. शहापूरच्या वाचनालयातून आणली तेव्हाच तिची शेवटची सोळा पानं निसटलेली होती. नायिका परक्या शहरात एका घराचा जिना चढते, तिथे कादंबरी तुटत होती. पण तोवरचं इतकं आवडलं होतं की मनस्वीला दम निघेना. तिने चिठ्ठी लावली आणि पुस्तक रेश्माच्या हातात दिलं.

आठ दिवसांनी भात झोडताना रेश्माने खळ्यावरच विचारलं होतं, "मनू, शेवटची पानं कुठायत गो?"

मला माहीत नाही, एवढं म्हणायचं होतं. तेवढं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

"माझ्या वेळी होती," ती म्हणाली आणि मग पेंढ्या आपटता आपटता शेवट सांगत सुटली. ती मुलगी नर्सचं शिकते. खोली घेते. तिसऱ्या वर्षी एकदा घरी येते, आई दार उघडते, एका शब्दाने काही विचारत नाही, नुसतं ताट वाढते. सांगता सांगता मनस्वीला स्वतःलाच तो शेवट फार आवडला.

रेश्मा पेंढी हातात धरून उभी राहिली होती. "खरंच ताट वाढते?"

"खरंच. मी तर रडले तिथं."

आणि आता रेश्माची आई समोर उभी होती. खरं सांगायची ही दुसरी संधी होती. मनस्वीने तोंड उघडलं आणि तोच शेवट, तसाच्या तसा, पुन्हा सांगितला. नर्सचं शिक्षण, खोली, तिसरं वर्ष, ताट.

ऐकता ऐकता बाईजाकाकी खाली बसली. "आय काय बोलते तिला?"

"काय नाय बोलत."

"मी पन नसती बोलले," बाईजाकाकी म्हणाली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला होता. जाताना तिने मनस्वीच्या पाठीवरून हात फिरवला. मनस्वीला तो हात नकोसा झाला.

चार दिवसांनी सकाळी विठूकाका घराजवळच्या वाडीला कुंपण घालताना दिसला. या वेळेला तो एरवी कल्याणच्या वाटेवर असायचा.

"आज नाय गेलात, काका?"

"काकी नको बोलते तुजी." त्याने काटेरी फांदी पायाने दाबली. "शोधायला गेलं तर पोर आजून लांब पलेल, बोलते. आपसूक येईल. बुकात तसंच हाय म्हने."

"आणि पोलिसात?"

"ते पन नको बोलते."

मनस्वी तिथूनच मागे वळली. आपण मारलेली एक थाप, आणि तिच्या जोरावर एक बाप पोरीला शोधायचा थांबला होता. ती घरी आली, आईला कॉलेजचं काम सांगितलं आणि मुरबाडची गाडी पकडली. तिला अजून एक वेडी आशा होती. खरा शेवटही तसाच निघाला तर? लेखकालाही तेच सुचलं असेल तर?

मुरबाडच्या वाचनालयात कादंबरी होती, चांगली धडधाकट, शिवलेली. मनस्वीने ती दोन कपाटांच्या मधे उभ्या उभ्याच वाचली. सोळा पानांना वेळ तो किती लागणार. मुलगी जिना चढते, तिथून पुढे कादंबरी तिच्याबरोबर जातच नाही. गोष्ट मागे तिच्या गावी येते. घरचे अब्रूपायी चार महिने कुठेच चौकशी करत नाहीत. शेवटी कुणी तरी तक्रार देतं, आणि एका मोठ्या रुग्णालयात तिच्या बापापुढे एक घडी केलेलं पातळ ठेवतात. बाप म्हणतो, हो, हे आमचंच. संपलं.

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "कशी आहे गं?"

जन्मात पहिल्यांदाच मनस्वीने ‘वाचाच’ न म्हणता पुस्तक कपाटात परत ठेवलं.

गाडी किन्हवलीला पोचली तशी ती घरी न जाता थेट रेश्माकडे गेली. बाईजाकाकी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मनस्वीने बसता बसताच सगळं सांगून टाकलं. आपण शेवट वाचलाच नव्हता. रेश्माला सांगितला तो मनचा होता, तुम्हाला सांगितला तोही तोच. मग मुरबाडला वाचलेलं सांगितलं, पातळाची घडीसुद्धा वगळली नाही. आपल्याला आता शिव्या बसतील, असं तिला वाटत होतं. बसाव्यात, असंही वाटत होतं.

बाईजाकाकीची बोटं तांदळात फिरत राहिली. एक खडा सापडला, तो तिने अंगणात टाकला.

"रेश्मानं वाचली ही पानं?"

"नाय."

"मग झालं तर. ती तुजं ऐकून गेलीय. बुकाचं नाय."

"काकी, तो मी खोटा बनवला होता! पाया पडते तुमच्या. आजच्या आज काकांना पोलिसात पाठवा. तेरा दिवस झाले."

"पोलिसात गेलं का मग बोलावनं येतं," बाईजाकाकी शांतपणे म्हणाली. "कपडा दाखवतात. तूच सांगितलंस ना आता? नाय गेलं तर कोन दाखवनार हाय?"

मनस्वीला रडू फुटलं. रुग्णालयाचं सांगायला नको होतं, हे तिला आता कळलं, आणि ते परत घेता येत नव्हतं. ती काही काही बोलत राहिली. सगळ्या पोरींचं तसं होत नाही, पोलीस शोधून आणतात, शहापूरला मी येते बरोबर, मी सांगते साहेबांना सगळं. बाईजाकाकीने तिला पुरतं बोलू दिलं. मग सूप बाजूला सारलं आणि पदराने तिचे डोळे पुसले, कादंबरी पुसली होती तसेच, सावकाश.

"तिसऱ्या वरसाला येते ना ती?" तिने विचारलं. "म्हयना कुठला?"

"काकी..."

"म्हयना सांग गो. तिला तो पन सांगितला असशील."

"नाय सांगितला. ठरवलाच नव्हता."

"मग आता ठरव," बाईजाकाकी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून चहा ठेवायला उठली.