उदास मुलांसाठी राखीव

आमच्या शाळेत उदास व्हायला जागा ठरवून दिलेली आहे. चॅपलच्या भिंतीलगत एक पिवळा बाक आहे. ज्याला एकटं वाटेल त्यानं तिथं जाऊन बसायचं, मग गळ्यात हिरवी फीत घातलेले दोन 'मित्रदूत' येणार आणि विचारणार, "तुला एकटं वाटतंय का? चल, खेळूया!" ही अक्कल मुख्याध्यापिका सिस्टरना कुठल्याशा शिबिरात मिळाली. परत आल्या त्या अशा थाटात, जणू दुःखाचा कायमचा बंदोबस्त करूनच आल्या होत्या. बाकाचा रंग पालक समितीच्या अध्यक्षीणबाईंनी निवडला. त्यासाठी बैठकांवर बैठका झाल्या. मुलांविषयी एकही नाही.

मी तिसरीला शिकवते. माझ्या वर्गात एक एवढीशी मुलगी आहे, तिला सगळे मुंगी म्हणतात. तिचा धाकटा भाऊ तापानं गेला. शाळेनं प्रार्थनासभा घेतली, मेणबत्त्या लावल्या, गायनवृंदानं छान सूर लावला, आणि सोमवारी सगळ्यांचे चेहरे असे की झालं गेलं, आता पाढे म्हणा. मुंगी मात्र रोज मधल्या सुट्टीत बाकावर जाऊन बसू लागली. सांगितलं ते ऐकणारी पोर. मित्रदूत यायचे, पाठ केलेलं वाक्य म्हणायचे, तिनं नाही म्हणून मान हलवली की सुटलो बुवा म्हणून चेंडूकडे धूम ठोकायचे. त्यांना तरी काय बोलणार? त्यांना पुढचं वाक्य शिकवलंच नव्हतं.

"सिस्टर, माझ्यापाशी ती तोंड उघडत नाही," मी म्हटलं. "या कामातलं कळणारं कुणीतरी बोलवा तिच्यासाठी."

"अहो, बाक आहे ना!" सिस्टर म्हणाल्या. खरंच असं म्हणाल्या, आणि वर हसल्या.

मग बिशप येणार असं ठरलं आणि शाळेच्या अंगात आलं. कुंड्या धुतल्या, मुलांची नखं तपासली. बाकाचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, तर उदास मुलगी हवी. अध्यक्षीणबाईंनी स्वतःची लेक पुढे केली. गुबगुबीत, रिबिनी लावलेली, आयुष्यात कधी कुणी 'नाही' न म्हटलेली.

त्या दिवशी घंटा झाली आणि मुंगी नेहमीसारखी जाऊन बाकावर बसली. पाहुणे फाटकातून आत येत होते. सिस्टर लगबगीनं आल्या.

"बाळा, आज नको हं. आज बाक कार्यक्रमाला लागणार आहे."

मुंगी उठली. चॅपलच्या पायरीवर जाऊन गुडघ्यांत हनुवटी घालून बसली.

अध्यक्षीणबाईंची लेक बाकावर बसली आणि खुदकन हसली. आईनं लांबून डोळे वटारले, तेव्हा कुठे तिनं ओठ काढले. मित्रदूत आले, वाक्य झालं, तिघं हात धरून पळाले, टाळ्या पडल्या. अध्यक्षीणबाईंनी तर रुमालाचं टोक डोळ्याला लावलं. स्वतःच बसवलेल्या नाटकाला रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

बिशपांचं लक्ष पायरीकडे गेलं. "ती कोण?"

"ती जरा लाजाळू आहे," सिस्टर म्हणाल्या.

"लाजाळू नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तिचा भाऊ गेला. या बाकावर रोज तीच बसते. आज तिला उठवलं, कारण तिला खोटं रडता येत नाही."

मला वाटलं, आता हा माणूस दोन पावलं चालून तिच्याजवळ जाईल. दोनच पावलं तर होती. त्यांनी लांबूनच हात उंचावला, "देव तिचं कल्याण करो," म्हणाले आणि सिस्टरना विचारलं, चहा कुठे ठेवलाय. मनातून माणूस उतरतो म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी मला बोलावून ऐकवलं की माझ्या बोलण्यात करुणा कमी आहे. पुढच्या शिबिराला मला पाठवणार आहेत.

मुंगीचं म्हणाल, तर तिच्यासाठी कुणीच काही केलं नाही. पुढच्या आठवड्यात दोरीवरच्या उड्या खेळताना वर्गातली एक लांबुडकी पोरगी वैतागली. दोरी फिरवणारी तिची जोडीदारीण पाय मुरगळून घरी बसली होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि ओरडली, "ए मुंगे, रिकामी बसलीयेस ना? धर हे टोक!"

प्रेम नाही, दया नाही. हात कमी पडत होता, एवढंच. मुंगीनं उठून टोक धरलं.

"हळू फिरव की गं! कशी फिरवतेस, गधडे!"

"मी नीटच फिरवतेय! तुलाच उडी मारता येत नाही!"

भाऊ गेल्यापासून एवढ्या महिन्यांत मुंगीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कर्कश होता. दोघी कचाकचा भांडू लागल्या. सिस्टर वरच्या गॅलरीतून म्हणाल्या, "बाई, काय चाललंय ते? थांबवा त्यांना!"

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि तिथंच उभी राहून ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं.