बाईंच्या शवपेटीपुढचं 'आणि'

ग्रेटा हॉल्मक्विस्टबाईंनी नेब्रास्कातल्या त्या गावाला उभा जन्म इंग्रजी शिकवलं. म्हणजे 'आणि'नं वाक्य सुरू करणाऱ्याची लाल पेन्सिलीनं सालटी काढली. हा नियम आला कुठून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आज त्यांच्याच शवपेटीपुढे पाद्री लाइल, बाईंचा जुना विद्यार्थी, बायबल उघडून घामाघूम झाला होता. पानावरचं प्रत्येक वाक्य 'आणि'नंच सुरू होत होतं.

"अरे, तेवढं 'आणि' गाळ की!" पहिल्या बाकावरून त्याची वर्गमैत्रीण व्हर्ना कुजबुजली.

"अगं, देवाचे शब्द आहेत ते!"

"असतील. देव कुठे बसला होता बाईंच्या वर्गात?"

लाइलनं एकदा वर पाहिलं, एकदा पेटीकडे. पेटी जास्त जवळ होती. त्यानं मुकाट्यानं 'आणि' गाळलं.