भाऊजींनी बांधलेला प्रॉक्सी

आमच्या मोठ्या दिरांना तयार गोष्टींचा तिटकारा आहे. त्यांनी आयुष्यात एक कांदा चिरलेला नाही, शर्टाचं तुटलेलं बटण लावायलाही त्यांना वहिनी लागतात. पण कॉम्प्युटरवर चढवायचं सॉफ्टवेअर मात्र तयार चालत नाही. ते सोर्स कोडपासून, म्हणजे कुणीतरी लिहून सगळ्या जगासाठी उघड्या ठेवलेल्या मूळ मजकुरापासून, स्वतः बांधावं लागतं. "तयार पॅकेज म्हणजे बाहेरचं जेवण," ते म्हणतात. "आत काय घातलंय कुणाला ठाऊक? सोर्स कोड उघडा असतो. एकेक ओळ वाचता येते."

"तुम्ही वाचलीत?" नवी नवरी असताना मी भाबडेपणाने विचारलं होतं.

"वाचता येते, हे महत्त्वाचं," भाऊजी म्हणाले. तेव्हापासून मी त्यांना प्रश्न विचारणं कमी केलं आहे, आणि त्यांच्याकडे बघणं वाढवलं आहे.

आमच्या पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर त्यांचं एक मशीन घरघरत असतं. त्यात त्यांचा प्रॉक्सी राहतो. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. घरातल्या कुणाला इंटरनेटवरून काही हवं असलं, की ती मागणी आधी या मशीनकडे जाते. ते आपल्या वतीने बाहेर विचारून येतं, आलेलं उत्तर तपासतं, योग्य वाटलं तर आपल्या हातात ठेवतं आणि कुणी काय मागितलं याची नोंद करून ठेवतं. हजार माणसांच्या ऑफिसात अशी व्यवस्था असावी हे मला पटतं. भाऊजी तसल्या ऑफिसात सिस्टिम सांभाळतातही. पण आमच्या घरात ते दोघं, आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंच्या मालिकांपासून जगाला असा काय धोका होता, ते एक भाऊजीच जाणोत.

"तुम्हाला बाहेर थेट बोलायची गरजच काय? मधे मी आहे ना," असं ते म्हणत. मशीनबद्दल म्हणत, पण वहिनींच्या बाबतीत ही नोकरी ते स्वतःच करायचे. कुणाकडे गेलो आणि वहिनींना चहा विचारला, की "ती नाही घेत" हे उत्तर भाऊजींकडून यायचं. वहिनी घेतात. मी रोज करून देते. वहिनींचा फोन वाजला की तो भाऊजी उचलायचे. "मी तिचे मिस्टर बोलतोय, काय काम होतं?" आणि वहिनी ओल्या हातांनी ओट्याशी उभ्या राहून आपलं काय काम होतं ते ऐकायच्या.

लग्नाआधी वहिनी शिकवायच्या. दूरच्या शहरातली एक संस्था मोठ्या माणसांना पडद्यावरून भाषा शिकवते, तिथे त्यांनी अर्ज केला होता. संस्थेचा फोन आला तेव्हा भाऊजींनी गोड आवाजात सांगितलं, "सध्या तिला जमणार नाही." वहिनींना ते रात्रीच्या जेवणात कळलं, वाढता वाढता. त्या पोळ्या वाढत राहिल्या. मला मात्र इतका राग आला की मी आमटी दोनदा गरम करून एकदाही वाढली नाही. पुढे वहिनींनी पुन्हा अर्ज केला, या वेळी माझा नंबर देऊन. संस्थेने मुलाखत ठेवली, व्हिडिओवर, सकाळी अकराला. वर हेही कळवलं की एकदा नाही म्हटलेल्यांना आम्ही सहसा पुन्हा बोलावत नाही, तेव्हा ही संधी शेवटची समजावी.

मुलाखतीच्या दिवशी वहिनी इस्त्रीची साडी नेसून बाहेर आल्या, तर भाऊजी पॅसेजमध्ये मांडी ठोकून बसलेले. मांडीवर कीबोर्ड, कानामागे पेन.

"आज ऑफिस नाही?" वहिनींनी विचारलं.

"रजा टाकली. अगं, तुझी मुलाखत ना! जुन्या आवृत्तीवर व्हिडिओ अडखळतो. नवी आवृत्ती आलीय, बांधून टाकतो. तू फक्त बघ."

"आजच बांधायला हवी का?"

"मग कधी? मुलाखत झाल्यावर?"

सासूबाई नवरा-बायकोच्या बोलण्यात एरवी पडत नाहीत, पण त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काल चालत होतं ना रे?"

"हो."

"मग आज दुरुस्त कशाला केलंस?"

भाऊजी हसले. अडाण्यांवर दया करावी तसं हसले. नव्याशेजारी जुनं राहिलं तर घोटाळा होतो म्हणून त्यांनी जुना प्रॉक्सी आधीच मुळासकट काढून टाकला होता. मग त्यांनी नव्याची तपासणी सुरू केली. बांधलं जाण्याआधी सॉफ्टवेअर मशीनला विचारून घेतं: हे आहे का? आहे. ते आहे का? आहे. पडद्यावरून ओळी सरसर वर जात होत्या आणि भाऊजी प्रत्येक "आहे"ला मान डोलवत होते, जणू सगळं त्यांच्या तिजोरीतूनच निघत होतं. एका ओळीवर मशीन थांबलं. कुठलीशी लायब्ररी, म्हणजे आधीपासून लागणारा एक सुटा भाग, नाही म्हणालं.

"किरकोळ आहे. नेटवरून उतरवून घेतो," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली. काहीच उतरेना. पुन्हा दाबली.

मला कळायला थोडा वेळ लागला, त्यांना जरा जास्त लागला. सुटा भाग नेटवर होता. नेट प्रॉक्सीतून यायचं. प्रॉक्सी त्यांनी सकाळीच पुसून टाकला होता आणि नवा त्या सुट्या भागाशिवाय बांधला जाणार नव्हता. याला आमच्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण भाऊजींनी त्याला "डिपेंडन्सीचा इश्यू" म्हटलं.

"मग आता?" वहिनींनी विचारलं. घड्याळाचे काटे अकराकडे निघालेले.

"घाबरू नकोस. गच्चीवर मोबाइलचं नेट मिळतं. तिथून उतरवतो, पेनड्राइव्हवर घेतो, आलोच." आमच्या तळमजल्यावर फोन कसाबसा लागतो, पण मोबाइलच्या नेटची एक दांडी दिसली तर आम्ही एकमेकांना हाका मारून दाखवतो, हे खरं होतं. आणि गच्चीलगत शेजारची इमारत पाडण्याचं काम चाललं होतं, त्या दणदणाटात वहिनींनी तिथे जाऊन मुलाखत देणं शक्य नव्हतं.

ते आले, भाग बसवला, तपासणी पुन्हा सुरू. आहे, आहे, आहे. मग दुसरी एक लायब्ररी नाही. दुष्काळात तेरावा महिना. भाऊजी पुन्हा गच्चीवर. वहिनी खुर्चीत बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. मला त्यांना हलवून सांगावंसं वाटत होतं की भांडा, ओरडा, काहीतरी फोडा. पण डोळ्यांतलं पाणी थोपवायचं काम माझ्याकडेही होतं.

"अगं," वहिनी एकदम म्हणाल्या, "बाहेरची तार आधी कुठे येते?"

"खिडकीतल्या पांढऱ्या डब्यात."

"आणि तिथून?"

"भाऊजींच्या मशीनमध्ये."

वहिनी उठल्या. खिडकीचा पडदा सारला. पांढऱ्या डब्याच्या पाठीला सारखीच चार भोकं होती, त्यातल्या एकातून वायर मशीनकडे गेलेली, बाकीची रिकामी. त्यांनी भाऊजींच्या वायरींच्या खोक्यातली सर्वात लांब वायर काढली, एक टोक रिकाम्या भोकात खुपसलं आणि दुसरं धरून झोपायच्या खोलीत चालत गेल्या. मी मागोमाग सतरंजीखाली वायर दाबत गेले. वहिनींच्या लॅपटॉपवर नेट आलं. आमच्या घरात ते इतक्या लवकर याआधी कधीच आलं नव्हतं.

"यांना विचारायला हवं होतं का गं?" दार लावता लावता वहिनींनी विचारलं.

"ते गच्चीवर आहेत," मी म्हटलं.

भाऊजी परतले तेव्हा दाराआडून वहिनींचा आवाज येत होता. मी घरात इतकी वर्षं आहे, पण तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. स्वच्छ, सावकाश, न घाबरता. भाऊजींनी पेनड्राइव्ह हातात तसाच धरून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघितलंस? पहिला भाग बसवल्यावरच पकडलं त्याने," ते मला म्हणाले. "मूळ कोडपासून बांधलं की असं चालतं."

मी हो म्हटलं. सासूबाईंनी वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. ते थरथरत होतं.

वहिनींना नोकरी लागली. भाऊजींचा प्रॉक्सी पुरता बांधून झाला तो संध्याकाळी, पण अर्धाही चालला म्हणून ते जास्तच खूश, आणि पाहुण्यांपुढे त्याची कथा सुरू झाली: बायकोची मुलाखत, ऐन वेळी आलेलं संकट आणि त्यांनी ते कसं निवारलं. वहिनी शेजारी बसून ऐकायच्या आणि चहा प्यायच्या. सतरंजीखालची वायर तशीच राहिली. पुढे आमच्या ह्यांनी पांढऱ्या डब्याचं स्वतःचं वायफायही सुरू केलं आणि त्याला "शेजारी" असं नाव दिलं. हे, मी आणि सासूबाई त्याच दिवशी शेजाऱ्याकडे राहायला गेलो. "हल्ली शेजाऱ्यांची रेंज आपल्याकडे फार जोरात येते," भाऊजी एकदा म्हणाले. पडद्यावरचं अक्षर न् अक्षर बघणारा हा माणूस खिडकीच्या पडद्यामागे कधी डोकावला नाही. घरात कुणाची तक्रार नाही याचाच त्यांना अभिमान होता.

मग त्यांच्या सोर्स कोडवाल्या मंडळींनी त्यांना भाषणाला बोलावलं. विषय त्यांनीच निवडला, घरगुती प्रॉक्सीच्या आधाराने उभी राहिलेली पत्नीची नोकरी. पुरावा म्हणून वहिनींच्या तासांच्या नोंदी दाखवायच्या ठरवून ते एका रविवारी मशीनपुढे बसले. बराच वेळ बसले. मी चहा ठेवला तो तसाच गार झाला. नोंदीत एकच माणूस होता, सकाळ-संध्याकाळ, पानामागून पान, आणि तो म्हणजे ते स्वतः.

वहिनी खोलीतून पाणी घ्यायला बाहेर आल्या.

"तुझं काहीच दिसत नाही इथे," भाऊजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "तू कुठून जातेस?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. "थेट," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"मुलाखतीपासून."

भाऊजींनी पॅसेजमधल्या मशीनकडे पाहिलं. ते घरघरत होतं. तेवढ्यात टेबलावर वहिनींचा फोन वाजला. भाऊजींचा हात सवयीने पुढे गेला आणि फोनपाशी पोचून थांबला. वहिनींनी पेला खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि फोन उचलला.

"हो," त्या म्हणाल्या, "मीच बोलतेय."