पत्र्याच्या डब्यातला अंधार

मित्रांनो, कटावणी म्हटलं की लोकांना आधी चोर आठवतो. आठवू दे. मी मात्र जन्मभर सरकारी नोकरी केली आहे, तीही दिवसाढवळ्या, साहेबांच्या देखत. होय, मी एक जुनी कटावणी आहे. माझ्या एका टोकाला चपटी जीभ आहे आणि दुसऱ्या टोकाला दुभंगलेली, वाकडी चोच. जिभेने फळी उचलायची, चोचीने खिळा उपटायचा. काम एवढंच, पण ते करणाऱ्याच्या मनगटात अक्कल असावी लागते.

लोहाराने मला तापवलं, बडवलं आणि पाण्यात बुडवलं तेव्हा मी अशी चरचरले की तो दचकून मागे सरला. "जिभेची तिखट निघाली ही," तो आपल्या बायकोला म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. तिथून मी गोदीतल्या कस्टमच्या शेडमध्ये आले आणि दाराजवळच्या खुंटीवर माझं घर झालं. शेड लांबलचक होती आणि तिच्यावर पत्र्याचं छप्पर. एका कोपऱ्यात वजनकाटा, दुसऱ्यात साहेबांचं टेबल. टेबलावरचा पंखा फक्त साहेबांकडे बघायचा. बाकीच्यांनी घाम पुसत उभं राहायचं.

परदेशातून आलेला माल या शेडमधून सुटल्याशिवाय बाजारात जात नसे. व्यापाऱ्याने आधी लिहून द्यायचं, पेटीत काय आहे आणि त्याची किंमत काय. मग साहेब दरांचं जाडजूड पुस्तक उघडून त्या वस्तूचं नाव शोधायचे. जसं नाव, तसा कर. रबराची नळी बागेची ठरली तर कर वेगळा, दवाखान्याची ठरली तर वेगळा. एकदा एका पितळी घंटेवरून जुंपली. व्यापारी म्हणे खेळणं, साहेब म्हणत वाद्य. शेवटी साहेबांनी ती वाजवून बघितली, तर भांडण आणखी वाढलं! असा संशय आला की साहेब हाक मारायचे, "मुकादम, उघडा!" मग माझी पाळी यायची.

मुकादम म्हणजे तिथल्या हमालांचा म्होरक्या. त्याचं मनगट जाड, पण हात हलका होता. खिळा काढताना तो खिळ्याशीच बोलायचा, "ये बाबा, ये. हट्ट नको करूस." काम झालं की चिंधीने मला तेल लावायचा आणि सगळ्यांना सांगायचा, "ही माझी थोरली लेक. घरातली धाकटी ऐकत नाही, ही ऐकते." खोटं कशाला बोलू, मी त्या कौतुकाने फुगून जायचे. वर्षानुवर्षं खिळे उपटले, पण मित्रांनो, ज्या एका दिवसासाठी मी जन्माला आले असं मला वाटतं, तो दिवस तुम्हाला सांगते.

त्या दिवशी शेडमध्ये एक बाई आल्या. त्या पूर्वी दवाखान्यात, हाडांचे फोटो काढण्याच्या खोलीत कामाला होत्या. लहान गावांतल्या दवाखान्यांना एक्स-रेची फिल्म वेळेवर मिळत नाही, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. म्हणून नोकरी सोडून त्यांनी स्वतःचा धंदा काढला. परदेशातून मोठ्या फिल्मचा गठ्ठा मागवायचा, आपल्या अंधाऱ्या खोलीत त्या कापायच्या, लहान पाकिटं करायची आणि दवाखान्यांना पुरवायची. ही त्यांची पहिलीच पेटी होती. होतं नव्हतं ते सगळं त्यांनी तिच्यात घातलं होतं. मालाची कागदपत्रं करायला त्यांचा धाकटा दीर होता. तो गोदीतला एजंट. हुशार, पण लिहायचा भारी कंटाळा. मालाच्या नावाची जागा कागदावर अरुंद असते, म्हणून त्याने तिथे एकच शब्द लिहून दिला होता. फिल्म.

घोडं तिथेच अडलं. आदल्याच महिन्यात औषधाच्या नावाखाली सिनेमाची रिळं निघाली होती, आणि साहेब त्यावरून वरिष्ठांची बोलणी खाऊन बसले होते. सिनेमाच्या फिल्मवर जबर कर, शिवाय वेगळी परवानगी. दवाखान्याच्या फिल्मवर अगदी थोडा. साहेबांनी कागद वाचला आणि भुवया चढवल्या.

"फिल्म? कसली फिल्म?"

मागून एक हमाल पुटपुटला, "विनोदी असली तर आम्हीपण बघू." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या दिराकडे वळल्या.

"भावजी, एवढंच लिहिलंत?"

"अहो वहिनी, फिल्म म्हणजे फिल्म! त्यात आणखी काय लिहायचं?"

बाईंनी कपाळाला हात लावला.

साहेब तसे सरळ माणूस. चहासुद्धा कुणाचा फुकट पीत नसत. पण सरळ माणूस एकदा हटून बसला की देवसुद्धा त्याला हलवू शकत नाही. ते म्हणाले, "मुकादम, उघडा."

मुकादमाने मला खुंटीवरून काढलं. वरच्या फळीचे खिळे मी चुटकीसरशी उपटले. आत पत्र्याचा मोठा चौकोनी डबा होता. त्याचं झाकण घट्ट बसवलेलं, कडेने रुंद काळी पट्टी चिकटवलेली. साहेबांनी मान हलवली. मुकादमाने पट्टी सोडवली आणि माझी जीभ झाकणाच्या फटीत घातली.

"थांबा!"

बाईंनी आपल्या हाताचा तळवा थेट माझ्यावर ठेवला. मुकादमाने जोर लावला असता तर त्यांची बोटं चेचली असती.

"साहेब, आत कागद नाही, पाकिटं नाहीत. सुटा माल स्वस्त पडतो म्हणून मी तसाच मागवलाय. नुसत्या फिल्म आहेत, एकीवर एक. उजेड लागला की संपलं सगळं. एकसुद्धा वाचणार नाही."

"आजवर पेटी उघडू नका म्हणणारे बरेच भेटले, बाई. प्रत्येकाच्या पेटीत काहीतरी निघालं."

"मग वरच्या साहेबांना विचारा."

"विचारतो. उत्तर येईपर्यंत पेटी इथेच राहील."

बाईंनी वर पाहिलं. छपराचा पत्रा इतका तापला होता की आतली हवा हलत होती. "या उकाड्यात ती तशीही जाईल, साहेब," त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. उघडलं तर उजेड खाणार, ठेवलं तर उन्हाळा. माझी जीभ फटीत तशीच अडकलेली. मला हातपाय असते तर मी तिथून पळून गेले असते. जन्मात पहिल्यांदा मला उघडायची भीती वाटली.

दीर मान खाली घालून उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाईंनी डोळे पुसले आणि एकदम सरळ उभ्या राहिल्या.

"साहेब, नियमात काय आहे? माल तपासला पाहिजे, बरोबर?"

"बरोबर."

"डोळ्यांनीच तपासला पाहिजे, असं आहे का?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक ओढलं, पानं उलटली, ओठ हलवत दोनदा वाचलं. "'अधिकाऱ्याने मालकासमक्ष स्वतः तपासावा' एवढंच आहे."

"मग स्वतः तपासा. अंधारात. हाताने."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळूच म्हणाले, "जप्तीच्या खोलीला खिडकी नाही."

डबा त्या खोलीत गेला. मुकादमाने दाराच्या फटींमध्ये पोती कोंबली. दिराला बाहेर दाराला पाठ लावून उभं केलं. "भावजी, आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही," बाई म्हणाल्या. आत साहेब, बाई, मुकादम आणि मी. दार लागलं आणि सगळं काळं झालं.

नाही, सगळं नाही. काळोखात एक हिरवट ठिपक्यांचं वर्तुळ तरंगत होतं.

"साहेब, घड्याळ!" बाई ओरडल्या.

साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ अंधारात चमकणारं होतं. "अरे देवा," असं म्हणत त्यांनी ते काढून खोल खिशात टाकलं आणि वर रुमाल कोंबला. आता खरोखर काही दिसत नव्हतं.

मुकादमाने बोटांनी फट चाचपली. मित्रांनो, ते काम नाजूक होतं. जोर जास्त झाला तर पत्रा वाकणार, झाकण पुन्हा नीट बसणार नाही, आणि मग अंधाराचा काय उपयोग? मुकादम कुजबुजला, "हळू गं बाई, हळू." या वेळी तो खिळ्याशी नाही, माझ्याशी बोलत होता. मी जीव मुठीत धरला. झाकण एका कोपऱ्यात उचललं, मग दुसऱ्या. एवढ्यात दारावर थाप पडली.

"साहेब, चहा आणलाय!"

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. कडी खडखडली. बाहेरून दिराचा आवाज आला, इतका चिरका की ओळखूच येईना, "ठेव तिकडे! आत जाशील तर तंगडं मोडीन!" कडी शांत झाली.

साहेबांनी डब्यात हात घातला. बाई सांगत होत्या, "कडेला धरा. मध्ये बोट लावू नका. आता कडेवरून अंगठा फिरवा. सिनेमाच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात. लागतायत?"

साहेबांचा अंगठा कडेवरून सरकल्याचा बारीक आवाज आला.

"नाही," ते म्हणाले. "भोकं नाहीत. गुंडाळी नाही. सपाट आहे. गुळगुळीत." पुन्हा थोड्या वेळाने, "खालपर्यंत सगळ्या तशाच आहेत."

"एक नमुना काढून घ्या. नियम आहे ना?"

साहेबांनी एक फिल्म काढली. बाईंनी झाकण दाबून बसवलं, पट्टी चिकटवली, तिच्यावर दुसरी पट्टी, तिच्यावर तिसरी. तेव्हा कुठे दार उघडलं.

उजेडात ती फिल्म फिकट पोपटी दिसत होती, कोवळ्या पानासारखी. साहेब तिच्याकडे बघत राहिले. हळूहळू तिचा रंग मळत गेला, करडा होत गेला.

"हीच ती फिल्म?" त्यांनी विचारलं.

"होती, साहेब," बाई म्हणाल्या. "आता नाही."

टेबलाशी बसून साहेबांनी आपल्या हाताने 'फिल्म' या शब्दापुढे 'दवाखान्याची, कोरी' असं लिहिलं आणि कमी दराने कर लावला. मग मान वर न करता म्हणाले, "नमुन्याच्या फिल्मवरसुद्धा कर भरावा लागेल, बाई. नियम आहे." बाई आधी हसल्या, आणि हसता हसता तिथल्याच एका पेटीवर बसून रडल्या. दिराने चहाचा कप त्यांच्यापुढे धरला. तो केव्हाच गार झाला होता.

पुढे शेडमध्ये मोठं यंत्र आलं. पेटी एका बाजूने आत जाते, आणि पडद्यावर तिचं पोट दिसतं, अगदी हाडांच्या फोटोसारखं. बघा गंमत! ज्या विद्येची फिल्म मी वाचवली, तिनेच माझी भाकरी काढून घेतली. मुकादम निवृत्त झाला, साहेबांची बदली झाली. मला तेल लावणारं कुणी उरलं नाही. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला मला अडकवू लागले. माझ्या चोचीला गंज चढला. रागाने माझा तिळपापड व्हायचा, पण सांगणार कुणाला?

एके दिवशी मुकादम जुन्या सोबत्यांना भेटायला आला. पाय घसरून त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. गळ्यात झोळी, काखेत मोठं पाकीट. त्याने फिल्म काढून खिडकीसमोर धरली. काळ्याभोर रंगात त्याची पांढरी हाडं उमटली होती, आणि कोपऱ्यात बाईंच्या दुकानाचं नाव होतं. इतकी वर्षं मला धरणारं ते मनगट आतून कसं दिसतं, ते मी तेव्हा पाहिलं. "जुळून येईल म्हणाले डॉक्टर," तो म्हणाला. मग खाली वाकून त्याने मला दारातून सोडवलं आणि डाव्या हाताने, चाचपडत, खुंटीवर टांगलं. "हिला इथेच राहू द्या रे," एवढंच बोलून तो गेला. माझ्या गंजलेल्या लोखंडातून पाणी निघालं असतं, तर त्या दिवशी निघालं असतं.

मित्रांनो, मी अजून खुंटीवर आहे. त्या मोठ्या यंत्रावर एक पाटी लावलेली आहे. 'फिल्मचा माल यातून नेऊ नये. तो हाताने तपासावा.' यंत्राची नजरसुद्धा फिल्मला सोसत नाही. म्हणून बाईंची पेटी आली, की खिडकी नसलेल्या खोलीत आता पुन्हा मलाच बोलावतात. दिराचे केस पांढरे झालेत, पण कागदावर आता तो जागा संपून समासात शिरेपर्यंत मालाचं वर्णन लिहितो.

माझं एक ऐका. मला तेल लावलंत तर उपकार होतील, नाही लावलंत तरी मी कुरकुरत का होईना काम करीन. पण तुमच्यासमोर कधी बंद पेटी आली, किंवा एखादं गप्प बसलेलं माणूस आलं, तर माझ्यासारखी जीभ लगेच फटीत घालू नका. आधी विचारा, "उजेड चालेल का?" त्या दिवशी एका बाईने माझ्यावर तळवा ठेवला म्हणून मी थांबले. प्रत्येक पेटीवर असा तळवा ठेवणारं कुणी असेलच असं नाही.