ताईच्या छातीतलं चुंबक

मी जन्मभर लोकांची कुलपं उघडली, पण स्वतःच्या तोंडाला काही कुलूप घालता आलं नाही. त्यामुळे माझं बोलणं निम्मं कापून घ्यायची आमच्या गल्लीला सवय आहे. ही गोष्टही खुशाल कापून घ्या. फक्त ताईची धडधड कापू नका, ती शंभर टक्के खरी.

आमचं दुकान एकच, मधे फळ्यांची भिंत. डावीकडे मी, किल्ल्या-कुलपंवाला. उजवीकडे माझी थोरली बहीण, घड्याळं दुरुस्त करणारी. मी कानस मारायचो, लोखंडाचा चुरा उडायचा आणि तो गोळा करायला माझ्याजवळ घोड्याच्या नालेएवढं चुंबक होतं. ताईचा त्या चुंबकावर वीस वर्षांचा राग. घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ उधळल्यासारखं पुढे पळतं. त्यामुळे गावात कोणाचंही घड्याळ पुढे गेलं की आरोपी मी.

ताईचा खरा जीव मात्र चौकातल्या मनोऱ्याच्या घड्याळात. शहाण्णव पायऱ्या चढून दर आठवड्याला ती त्याला चावी द्यायची. आधी हे काम आमच्या वडिलांचं, मग तिचं. मनोऱ्याची बोटभर जाड लोखंडी किल्ली ती दोरीत ओवून गळ्यात घालायची. झोपतानासुद्धा.

त्या वर्षी ताई सेहेचाळीसची. चेहरा पिठासारखा पांढरा पडला, चालताना दम लागायला लागला. महिन्याचे चार दिवस आठ-दहा दिवस रेंगाळत होते, पण हे ती कोणाला सांगणार? शेवटी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन निघालं सात. लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज एक.

दहा दिवसांत ताई माझ्या दुकानाच्या फळीपाशी येऊन उभी.

"पोट दगड झालंय. मळमळतं. आणि सकाळी जे काही होतं ते डांबरासारखं काळं."

"रस्ते खात्यात कळवू का?"

"दात काढू नकोस. आणि छाती बघ कशी धडधडते. ऐकू येत असेल तुला."

मला ऐकू आली. फळ्यांची भिंत थरथरत होती आणि तिच्या खुंटीवरची सात घड्याळं तिच्या ठोक्यांच्या नादाला लागून पुढे गेली होती. हे कापलंत तरी चालेल.

ताईने घड्याळजी करतो तेच केलं. घड्याळ भारलंय का हे बघायला छोटं होकायंत्र असतं, ते तिने छातीवर धरलं. काटा गर्रकन फिरला.

"बघ," ती हळूच म्हणाली. "रोज लोखंड गिळतेय आणि पलीकडे तुझं चुंबक. हृदय भारलंय माझं. म्हणून पुढे पळतंय."

मी हसलो, पण खरं सांगतो, घाबरलोही. काटा माझ्या डोळ्यांदेखत फिरला होता. चुंबक मी त्याच संध्याकाळी मागच्या अंगणात कुंडीखाली पुरलं. गोळ्या ताईने खणात टाकल्या.

पोट आठवड्यात मोकळं झालं. धडधड मात्र तशीच. उलट वाढली. चावीच्या दिवशी ती चाळिसाव्या पायरीवर बसली ती उठेचना. मी तिला धरून खाली आणली. वरचं घड्याळ दुपारी तीनला थांबलं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा कारकून आला.

"बाई, आणखी एकदा थांबलं तर आम्ही बॅटरीवरचं बसवणार. त्याला चावीही नको आणि चढणारं माणूसही नको."

तो गेल्यावर ताईने गळ्यातली किल्ली मुठीत धरली आणि म्हणाली, "एवढ्यासाठीच सांगितलं नव्हतं मी."

"काय सांगितलं नव्हतं?"

"डॉक्टरीणबाईंना. धडधडीचं. त्या म्हणाल्या असत्या, मनोरा बंद."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे किल्ली फिरली. बाईंना सांगायचं राहिलं, म्हणजे धडधड गोळीच्या आधीची?

"छे, गोळीनंतरचीच," ताई म्हणाली. पण ताईला एक खोड होती. दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे, किती मागे, हे ती वहीत टिपायची. मी ती वही ओढली. घड्याळांच्या नोंदींच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात तिने स्वतःचीही नाडी टिपली होती. 'मनोरा, वर पोचल्यावर, १३८.' तारीख पहिल्या गोळीच्या तीन आठवडे आधीची.

वही आणि ताई, दोन्ही उचलून मी दवाखाना गाठला.

छातीचा आलेख काढायला नर्सने गळ्यातली किल्ली काढायला लावली. ती माझ्या हातात आली. ताईचं होकायंत्र माझ्या खिशात होतं. सहज किल्लीजवळ नेलं, तर काटा गर्रकन फिरला. मी ते नर्सला दाखवलं, नर्सने बाईंना दाखवलं. ताईने भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरीणबाईंनी आलेख पाहिला, वही पाहिली. "ठोके जलद आहेत, पण नियमित. ताई, तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. पोट बिघडलं ते गोळीनेच, तो गुन्हा तिला कबूल आहे. काळा रंगही तिचाच, त्याला घाबरायचं नाही. पण धडधड रक्त कमी असल्याची. टोपली लहान असली की हमालाला खेपा जास्त माराव्या लागतात, तसं तुमचं हृदय धावतंय. गोळी टोपली मोठी करायला आली होती, तुम्ही तिलाच हाकललं."

"दहा दिवस घेतली की. काही फरक नव्हता."

"दहा दिवसांत नसतोच. आणि कशाबरोबर घेत होतात?"

"चहाबरोबर. मळमळू नये म्हणून."

"चहा लोहाला आत शिरूच देत नाही."

"म्हणजे दारालाच कुलूप," मी म्हणालो.

"हे गप्प बसतात का कधी?" बाईंनी विचारलं.

"याची किल्ली वडिलांकडून हरवली," ताई म्हणाली. त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली.

गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, चहा दोन तासांनी. पोटासाठी भरपूर पाणी आणि भाज्या. रक्त जास्त का जातंय त्याची तपासणी वेगळी, त्यावरही औषध सुरू झालं. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तडक यायचं, अशी तंबी. आणि दोन महिने मनोरा बंद.

ते दोन महिने चावी मी दिली. ताई खाली चौकात खुर्ची टाकून बसायची आणि ओरडायची, "हळू. कुलूप नाही ते." शहाण्णव पायऱ्या खाली असूनही तिला माझं मनगट दिसायचं, ही एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही.

पहिल्या महिन्याच्या तपासणीत आकडा साडेआठ, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी साडेदहा. बाई म्हणाल्या, जा, पण थांबत थांबत.

ताई साठाव्या पायरीवर एकदा बसली, ऐंशीव्या पायरीवर एकदा. मी मागून पाण्याची बाटली घेऊन. वर पोचल्यावर तिने मनगटावर बोट ठेवलं, मोठ्या घड्याळाच्या टिकटिकीवर ठोके मोजले आणि वहीत लिहिलं, १०८. थोडं बसून पुन्हा मोजलं, ८४.

मग गळ्यातली किल्ली सरळ करत ती घड्याळाच्या दातेरी चाकांवर वाकली आणि माझ्याकडे वळली.

"दोन मिनिटं पुढे आहे. काय केलंस रे?"

"मी काही नाही. चुंबक असेल."

ती इतकी हसली की खाली चौकात कारकून मान वर करून बघायला लागला. शहाण्णव पायऱ्या चढूनही तिच्यापाशी हसायला पुरेल एवढा दम उरला होता. हसू ओसरल्यावर तिने बाह्या सरसावल्या आणि चावी द्यायला घेतली. मी चावीच्या दांड्याला हात लावायला गेलो, तर म्हणाली, "तू खाली जा आणि ते कुंडीखालचं चुंबक काढून धुऊन ठेव. गंजेल नाहीतर."